न्यायाधीशाचा उजवा पाय

सर्व लहानथोर, कर भरणारे आणि कर चुकवणारे, पायी चालणारे आणि सायकलवाले अशा समस्तांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, भर चौकात, लिंडनच्या झाडाखाली, अवघ्या गावाच्या साक्षीने, राजाच्या सर्वोच्च न्यायाधीशाने आपला उजवा पाय डाव्या पायावरून खाली घेतला. आकाश कोसळलं नाही. सोमवारी कचऱ्याची गाडी नेहमीच्या वेळी आली. परंतु हा पाय कधीही खाली येत नाही, असं ज्या गावात बालवाडीपासून शिकवतात त्या गावात तो खाली आला, आणि तो पाय माझा होता.

आता नीट सांगतो.

आमचं गाव स्टुटगार्टच्या एस-बान लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर उतरून, पुढे बसने डोंगर चढून गेलं की लागतं. एक चर्च, एक चौक, एक बेकरी आणि मोटारींच्या सीट बनवणारा एक कारखाना. त्या कारखान्यात मी इंजिनिअर आहे. सीट पुढेमागे आणि वरखाली करणारी जी यंत्रणा असते, ती माझ्याकडे. दुसऱ्यांनी कसं बसावं याचा दिवसभर विचार करायचा आणि महिनाअखेरीस पगार घ्यायचा, असं माझं आयुष्य पुण्याहून इथे आल्यापासून चाललं आहे.

या गावाला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट आहे, आणि ती मेलेली आहे. मध्ययुगात इथे राजाचा एक न्यायाधीश राहत असे. त्या काळी जर्मनीचा राजा एका जागी बसत नसे. घोड्यावरून लवाजम्यासकट गावोगाव फिरत असे. जिथे राजा पोचू शकत नसे, तिथे हा न्यायाधीश जायचा. त्याच्या हातात एक पांढरी काठी असायची. ती काठी हातात आहे तोवर राजा स्वतः तिथे बसला आहे असं समजायचं. सरदार असो, मठाधिपती असो, त्याने एकदा वाळीत टाकलं की त्या माणसाला घास देणारासुद्धा गुन्हेगार. बायकोने दार उघडलं तर बायकोही. एवढी त्याची सत्ता.

आणि या सत्तेला एक गंमतशीर कुलूप होतं. निकाल तो देत नसे. त्याच्या दोन्ही बाजूंना बाकांवर गावातली जाणती माणसं बसत, आणि न्यायाधीश त्यांना फक्त विचारायचा: 'मी तुम्हाला विचारतो, या माणसाचं काय करावं?' ती माणसं सांगायची. ती जे सांगतील ते न्यायाधीश उच्चारायचा, आणि मृत्युदंड असेल तर हातातली काठी मोडायचा. स्वतःचं मत सांगायची त्याला परवानगी नव्हती. त्याचं काम बसायचं होतं. पण बसायचं कसं, याचे नियम कडक होते. उघड्या आभाळाखाली, तोंड पूर्वेला, पोटात अन्नाचा कण नाही, आणि उजवा पाय डाव्या पायावर टाकलेला. पाय खाली आला की न्यायसभा मोडली. तोवर झालेलं सगळं रद्द.

आमच्या न्यायाधीशाची कीर्ती या पायामुळेच. गोष्ट अशी सांगतात, की राजाच्या घोडदळाच्या प्रमुखाने गावच्या पाणचक्कीवाल्याला दारूच्या नशेत ठार मारलं. न्यायाधीशाने त्याला लिंडनखाली उभा केला. बातमी कळताच राजा रात्रंदिवस घोडा दामटत आला, आणि आपल्या लाडक्या माणसाला सोडवायला ऐन निकालाच्या वेळी चौकात शिरला. सगळं गाव गुडघ्यांवर आलं. बाकांवरची माणसं उठली. न्यायाधीश तेवढा बसून राहिला, पायावर पाय टाकून. त्याने राजाला सांगितलं, "महाराज, आपण इथे आधीच बसलेले आहात. मग आत्ता आलेले हे गृहस्थ कोण?" मग त्याने प्रश्न विचारला, बाकांनी निकाल दिला आणि त्याने काठी मोडली.

राजाने त्याला चौकात काहीच केलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पद काढून घेतलं, मग घर, मग जमीन. ज्यांना त्याने न्याय दिला होता त्यांनी त्याला ओळख दाखवणं बंद केलं. शेवटची वर्षं तो एका मठाच्या गोठ्याशेजारी राहिला आणि तिथेच मेला. मेल्यावर गावाला त्याचं फार प्रेम आलं. चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर दगडी पुतळा आहे. नाक झिजलंय, डोळे झिजलेत, पण पायावर पाय तसाच आहे. परीक्षेला जाणारी पोरं त्या दगडी गुडघ्याला हात लावून जातात.

त्याच्या आयुष्यावर दर उन्हाळ्यात चौकात नाटक होतं. ते करणारी मंडळी म्हणजे गावचा फेराइन. जर्मनीत चार माणसांना एकच गोष्ट आवडली की ती फेराइन काढतात, अध्यक्ष निवडतात, आणि मग त्या गोष्टीवरून आयुष्यभर भांडतात. मला तिथे नेलं आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी. घरात आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. गुरुजी अनेक वर्षं न्यायाधीश करत आले होते. उंच, कोरडे, पांढऱ्या भुवया, आवाज असा की त्यांनी जिन्यात "गूटन मॉर्गन" म्हटलं तरी आपल्याला शिक्षा झाल्यासारखं वाटावं. मी पुण्यात कॉलेजात असताना नाटकं केली होती हे त्यांना कळलं, आणि त्यांनी मला पकडलं.

पहिल्या वर्षी मला चोर दिला. मी तो असा केला की लोक काठी मोडायच्या वेळी रडले. दुसऱ्या वर्षी खोटा साक्षीदार. मग विष घालणारा. मग दूरदेशीचा व्यापारी, जो खोटी वजनं वापरतो. मग पुन्हा चोर, लोकाग्रहास्तव. माझ्याइतक्या वेळा फाशी गेलेला दुसरा मराठी माणूस नसेल. फाशी देणारा गृहस्थ एरवी दातांचा डॉक्टर. तो दोर गळ्यात घालताना कानात म्हणायचा, "खालच्या बाजूला कीड दिसते, मंगळवारी ये." सगळे माझ्यावर प्रेम करत. आमच्या बेकरीवाल्या बाई फेराइनच्या अध्यक्ष. मी दुकानात गेलो की म्हणायच्या, "आला बघा आमचा चोर," आणि पिशवीत एक ब्रेट्झेल, तो खारा वेटोळा पाव, जास्त टाकायच्या.

एकदा प्रयोगात गुरुजींच्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी उजवा पाय खाली घेतला, दोनदा झटकला, आणि पुन्हा वर टाकला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. फेराइनमध्ये बिअरचे ग्लास भरले की हा किस्सा निघायचाच. "न्यायाधीशाच्या पायालाही मुंग्या येतात," असं म्हणून सगळे टेबलावर हात आपटायचे. मीही आपटायचो.

मग गुरुजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी मला वर बोलावलं, न्यायाधीशाची पांढरी काठी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता तू."

मला काय वाटलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इतकी वर्षं मी या गावात आहे. भाषा शिकलो, बर्फ उपसला, कचरा चार डब्यांत वेगळा केला, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या चौकात त्यांच्यासाठी मेलो. मला एकदा त्या खुर्चीत बसायचं होतं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी 'तू मूळचा कुठला' असं विचारत नाही. बाकी काही नाही.

फेराइनची रीत अशी, की न्यायाधीश एकदा स्वीकारला की तो स्वतः सोडेपर्यंत त्याचाच. पण स्वीकारण्याआधी मे महिन्यात चौकात एक तालीम होते, सगळ्या गावासमोर. ती संपली की आधीचा न्यायाधीश बाकांना विचारतो, आणि सभासद हात वर करतात. एकच संधी. नाही म्हटलं की पुन्हा तोच माणूस उभा करत नाहीत.

आता अडचण सांगतो. अडचण माझ्या घरात झोपाळ्यावर बसली होती.

माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. खरेखुरे, पगारी. लग्न ठरवायला मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा कोचावर ऐटीत पायावर पाय टाकून बसलो होतो. अण्णा बाहेर आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं. बराच वेळ. मग विचारलं, "पायाला काही लागलंय का?" मी पाय खाली घेतला. तेव्हापासून अण्णांच्या समोर माझे दोन्ही पाय जमिनीवर असतात. मी ठरवून करतो असं नाही. त्यांची चप्पल दारात वाजली की पाय आपोआप उतरतो. आमच्या कारखान्यात सीटच्या यंत्रणेला जो खटका असतो तसा. माझ्यात तो अण्णांनी बसवलेला आहे आणि त्याची वॉरंटी संपत नाही.

त्यामुळे सराव घरात करणं अशक्य. मी कारखान्यात सीट तपासायच्या खोलीत करायचो. जेवणाच्या सुट्टीत तिथे पायावर पाय टाकून बसायचो आणि समोरच्या रबरी पुतळ्याला विचारायचो, "मी तुम्हाला विचारतो." एस-बानमध्ये केला, तर शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "तुमचा बूट माझ्या कोटापासून लांब ठेवा." घरी माझी मुलगी मदतीला होती. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. अण्णा फिरायला गेले की ती स्वयंपाकघरात राजा होऊन शिरायची. मी पाय हलवला तर माझ्यावर कणीक फेकायची.

बायको हे सगळं पोळ्या लाटता लाटता बघायची. ती म्हणाली, "अरे, अण्णांना सरळ सांग ना. नाटक आहे, पाय वर टाकावा लागतो. ते काय खाणार आहेत का तुला?"

"त्यांना सांगायची गरज नाही. ते येणारच नाहीत."

"का नाही येणार?"

"चढ आहे. त्यांचे गुडघे दुखतात. आणि ही नुसती तालीम. खरा प्रयोग जुलैत, तोवर ते पुण्यात."

"म्हणजे तुला ते यायला नकोयत."

"चढ आहे," मी म्हटलं.

अण्णांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "बरं." अण्णांच्या 'बरं'मधून आजवर कुणाला काही कळलेलं नाही. वकीलसुद्धा त्याला घाबरायचे म्हणतात.

पण मी एक गोष्ट विसरलो होतो. गुरुजी आणि अण्णा यांची जिन्यात दोस्ती झाली होती. एक कुबडीवर, एक काठीवर. दुपारी दोघे गुरुजींच्या बाल्कनीत बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत कायद्यावर बोलायचे. खालून मला तुकडे ऐकू यायचे. गुरुजींनी न्यायाधीशाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, तेव्हा अण्णांनी विचारलं, "अपील कुठे करायचं?"

"अपील नाही."

"मग नोकरी फार चांगली होती," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पण काढून टाकलं ना शेवटी."

"गेनाऊ," गुरुजी म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मला वाटतं त्या दोघांचं तिथे पटलं.

तो रविवार उजाडला. मी नियमाप्रमाणे उपाशी. काळा झगा, पांढरी काठी, पूर्वेला तोंड. चौक भरलेला. दोन्ही बाजूंना बाकांवर फेराइनची मंडळी बसलेली. समोर आरोपीच्या स्टुलावर घोडदळाचा प्रमुख. तो बेकरीवाल्या बाईंचा मेहुणा. त्याला वाक्यं पाठ होत नाहीत, म्हणून त्याला नेहमी कमी बोलणारी पात्रं देतात. मी बसलो आणि उजवा पाय डाव्यावर टाकला. तो असा बसला की जणू आईच्या पोटातून मी तसाच आलो होतो. मी पहिलं वाक्य म्हटलं. मधमाश्या ऐकू येत होत्या. लिंडनखाली माझा आवाज निघाला तेव्हा मला स्वतःलाच वाटलं, हा कोण बोलतोय. दंतवैद्याने दोर हातात घेऊन माझ्याकडे मान हलवली. बेकरीवाल्या बाईंनी रुमाल काढला. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मी उत्तम करत होतो. हे सांगायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मीच सांगतो.

मग राजाच्या आगमनाची वेळ आली. राजा म्हणजे आमच्या बँकेच्या शाखेचे प्रमुख. ते चर्चच्या बाजूच्या गल्लीतून येतात. आधी शिंग वाजतं, लोक वाट करून देतात. शिंग वाजलं. लोकांनी वाट करून दिली. बाकांवरची मंडळी ठरल्याप्रमाणे उठली. मी काठी घट्ट धरली आणि गल्लीकडे पाहिलं.

गल्लीतून अण्णा आले.

तपकिरी स्वेटर, मफलर, कानटोपी, काठी. शेजारी कुबडीवर गुरुजी. मागून माझी बायको, चेहरा असा की मला दोष देऊ नकोस. गुरुजींनीच त्यांना आणलं होतं. एका न्यायाधीशाला दुसऱ्या न्यायाधीशाने बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. चढामुळे उशीर झाला, आणि उभं राहायला जागा शोधत दोघे नेमके राजाच्या वाटेने आत शिरले. राजा त्यांच्या मागे अडकला होता. मुकुट तेवढा वर दिसत होता.

अण्णांनी चौकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंडाकडे नाही. पायाकडे.

खटका पडला. माझा पाय खाली आला. नुसता पाय नाही, मी अर्धा उठलो. काठी काखेत गेली आणि दोन्ही हात नमस्कारासाठी जुळायला निघाले.

लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पहिल्यांदा चोर म्हणून धडपडलो होतो तेव्हाही असेच हसले होते. मी बसलो, पाय पुन्हा वर टाकला. राजा पुढे आला, आपली वाक्यं बोलला. मी म्हटलं, "महाराज, आपण इथे आधीच बसलेले आहात." आणि कुणीतरी मागून म्हणालं, "नाही, तो तर आत्ताच उठला होता." मग मात्र सगळा चौक हसला. घोडदळाचा प्रमुखसुद्धा, जो मरणार होता.

तालीम संपली. रीत अशी, की मतदानाच्या वेळी नव्या माणसाने खुर्ची सोडून आरोपीच्या स्टुलावर बसायचं. मी बसलो. त्या स्टुलाची मला चांगली ओळख होती. त्याचा डावा पाय हलतो.

बेकरीवाल्या बाई उभ्या राहिल्या. "आल्झो," त्या म्हणाल्या. जर्मन माणसाने 'आल्झो' म्हणून श्वास घेतला की समजायचं, निर्णय झालेला आहे, आता त्याला कपडे घालणार आहेत. "आम्हा सगळ्यांचं याच्यावर किती प्रेम आहे हे मी सांगायला नको. याच्यासारखा चोर आम्हाला पुन्हा मिळणार नाही. प्रश्न फक्त पायाचा आहे. सगळं नाटक त्या पायावर उभं आहे."

दंतवैद्य म्हणाला, "गुरुजींनी पण खाली घेतला होता की. आपण अजून हसतो त्याच्यावर."

"ते वैद्यकीय होतं," बाई म्हणाल्या.

"आणि याचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि ते मला सहन झालं नाही. "याचं आतून आलं," त्या म्हणाल्या. "तो कुणाला तरी पाहून उठला. आमचा न्यायाधीश कुणालाही पाहून उठत नाही. बाकी काही नाही हं यात. कृपा करून दुसरा अर्थ काढू नका."

दुसरा अर्थ कुणी काढला नव्हता. तो बाईंनीच चौकात आणून ठेवला, आणि मग सगळे त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागले. बँकेचे प्रमुख मुकुट हातात घेऊन बुटांकडे बघत होते. आणि सगळ्यात कडू गोष्ट ही की बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मी बाकावर असतो तर मीही तेच म्हटलं असतं. माणसाला चुकीच्या कारणासाठी हाकललं तर निदान चिडता येतं. यांनी मला बरोबर कारणासाठी हाकललं, आणि ते सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यांवर होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काही दिवस मला वाटतं होता. काही दिवस वाटतं, मीच तो तिथे बघितला.

प्रश्न विचारायचं काम गुरुजींचं. त्यांना एक जुना हक्क होता. ढग आले, ऊन गेलं असं वाटलं, तर न्यायाधीश सभा पुढे ढकलू शकतो. आणि त्या दुपारी ढग होते. चांगले जाड, करडे. गुरुजींनी वर पाहिलं. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होतो. एक वाक्य. ऊन गेलं. तेवढंच म्हणायचं होतं. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा माणूस, ज्याच्या घरी मी ऑपरेशननंतर रोज वरणभात पोचवला, ज्याच्या खुब्याला चालेल अशी खुर्ची मी कारखान्यातून भाग आणून घरी जुळवून दिली. त्यांनी बराच वेळ आभाळाकडे पाहिलं. मग कुबडी सावरली आणि त्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला विचारतो. या माणसाचं काय करावं?"

न्यायाधीश असाच असायला हवा. उत्तर माहीत असताना विचारणारा. त्या क्षणी गुरुजी चर्चमधल्या दगडासारखे दिसत होते, नाकासकट, आणि मला कळलं की ही भूमिका माझ्या हातून कधीच झाली नसती. मी ढग बघितले असते. ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. वरणभातही बंद केला आहे. जिन्यात भेटलो की ते "गूटन मॉर्गन" म्हणतात, मीही म्हणतो, आणि दोघांनाही शिक्षा झाल्यासारखी वाटते.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला दुसऱ्याच माणसाकडे सोपवायचा आहे. न्यायाधीश आता बेकरीवाल्या बाईंचा मेहुणा करतो. त्याची वाक्यं खुर्चीमागे लपून एक जण सांगतो. पण पाय मात्र दगडासारखा. लिंडन पडलं तरी तो उतरणार नाही, कारण आजूबाजूला काय चाललंय हे त्याला कळत नाही. मला पुन्हा चोर देऊ केला. बाई स्वतः घरी आल्या, सोबत मोठा केक. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "रागावलास?" मी म्हटलं, "नाही, पायाला मुंग्या येतात." त्या हसल्या नाहीत. केक चांगला होता.

तर, हात. आधी माझ्या बाजूचे. दंतवैद्याने केला. इतकी वर्षं मला फाशी देणारा माणूस, त्याने सगळ्यात आधी हात वर केला, दोरासकट. आणखी दोनचार. मुलगी लोकांमधून दोन्ही हात वर करून उभी होती. ती सभासद नाही. तिचे मोजले नाहीत.

मग विरुद्ध. हळूहळू, एकमेकांकडे बघत, बाकांवरून हात वर गेले. मी एकेक ओळखत होतो. हा माझ्या गाडीचे टायर बदलतो. हिच्या मुलाला मी गणित शिकवलं. आणि मग लोकांच्या मागच्या रांगेत, कानटोपीच्या वर, आणखी एक हात दिसला. ताठ, सरळ, कोपरात जराही न वाकलेला.

अण्णांचा.

मुलगी त्यांच्या अंगावर धावली. जर्मनमध्ये आजोबांना काही समजणार नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि शोधून शोधून मराठी शब्द जुळवत ती म्हणाली, "आजोबा, हात खाली. हे बाबाच्या विरुद्ध आहे. तुम्हाला कळत नाही."

"मला कळतंय," अण्णा म्हणाले. "वरच्या मजल्यावरच्यांनी मला सगळं नीट समजावलेलं आहे."

बायको म्हणाली, "अण्णा, अहो, तुमच्याचसाठी उठला ना तो."

मराठी कुणाला कळत नव्हतं, पण सगळे ऐकत होते. मी स्टुलावर होतो, दोन्ही पाय जमिनीवर. अण्णांनी हात खाली घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पायाकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. मग कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात ते सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं बोलले.

"अहो, मी आलो तर आलो, खुर्चीत बसलेला न्यायाधीश सासऱ्यासाठी उठतो होय कधी?"